स्ट्रिंग ऑफ पर्ल्स पावसाळ्यात सडू न देता कशी वाढवायची

हिरव्या मण्यांच्या माळा लटकवल्यासारखी दिसणारी ही वेल नर्सरीत बघितली की घेतल्याशिवाय राहवत नाही, आणि बऱ्याच जणांची ती पहिल्याच पावसाळ्यात जाते. माझ्या दोन गेल्या, दोन्ही जुलैमध्ये, आणि मी मात्र सगळी काळजी मे महिन्याची करत बसले होते. आपल्याकडे हिला उन्हापेक्षा ओल जास्त मारते, हे एकदा लक्षात ठेवलं की बाकीचं सोपं आहे.

ही मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातली. तिथे ती लटकत नाही, झुडपांच्या नि दगडांच्या आडोशाला जमिनीवर पसरते आणि दांडी जिथे टेकेल तिथे मुळं सोडते, त्यामुळे मुळं अगदी वरवर असतात. ते मणी म्हणजे पानंच, पाणी साठवून गोल झालेली. एक मणी तोडून खिडकीच्या उजेडात धरा, वाटाण्याएवढा किंवा त्याहून लहान, टोकाला बारीकशी चोच, आणि एका बाजूने काचेसारखी पारदर्शक रेघ दिसेल. त्या रेघेतून उजेड पानाच्या आत पोचतो. मला हे इतकं आवडतं की घरी कुणी आलं की मी आधी तेच दाखवते.

आता कामाला लागूया. रोप आणलं की आधी कुंडी बदला. नर्सरीतली रोपं बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतात, ते वरून वाळलेलं दिसतं पण आत बोट घातलं तर स्पंजसारखं ओलं लागतं. चार-पाच दिवस पाणी न घालता तसंच ठेवा, मग जेवढं सहज निघेल तेवढं कोकोपीट हाताने झटकून काढा, मुळं ओढू नका. कुंडी मातीची, उथळ आणि खाली भोक असलेली घ्या, 4 इंची रोपाला 5 इंची कुंडी भरपूर झाली. मोठी कुंडी दिली तर झाड लवकर वाढेल असं वाटतं पण इथे उलटं होतं, मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि मग सड लागते.

माती अशी करा: एक भाग लाल माती, एक भाग परलाईट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा (चुरा चाळून धूळ काढायची, नाहीतर तीच सिमेंटसारखी बसते) आणि वर मूठभर गांडूळखत. काळी माती अजिबात नको. मिश्रण थोडं ओलं करून मुठीत दाबा, मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर जमलं. लावताना माती कुंडीच्या काठापर्यंत भरा, झाड खोलगट बसलं तर मधल्या दांड्यांना हवा लागत नाही. लावल्यावर लगेच पाणी नको, पाच-सहा दिवस थांबा.

जागेच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कुंडी पार छताजवळ टांगणे. माळांना उजेड मिळतो पण कुंडीच्या वरच्या भागाला मिळत नाही आणि तिथून झाड टकलं होत जातं. नजरेच्या उंचीवर किंवा त्याखाली ठेवा, सकाळचं दोन-तीन तास ऊन चालतं, दुपारचं नको, एप्रिल-मेमध्ये तर सावलीची जाळी (शेड नेट) लावाच.

पाणी वार ठरवून घालू नका, मणी बघून घाला. मणी टणक आणि तुकतुकीत असेल तर तहान नाही. बोटांत धरून हलकेच दाबला आणि मऊ लागला, अंगावर बारीक सुरकुती दिसली, वर माती पूर्ण कोरडी, की पाणी द्यायचं आणि मग भरपूर द्यायचं, भोकातून निथळेपर्यंत. मी जुन्या परातीत बोटभर पाणी घेऊन कुंडी वीस मिनिटं ठेवते, म्हणजे वरचे मणी ओले होत नाहीत. उन्हाळ्यात हे आठ-दहा दिवसांनी येतं, हिवाळ्यात पंधरा दिवसांनी.

जून लागला की कुंडी छपराखाली, वारा खेळेल अशा जागी आणा. पावसाचा एक शिपका चालतो पण चार दिवसांची झड नाही. हवेतच इतकी ओल असते की माझी वेल जुलैमध्ये तीन आठवडे पाण्याशिवाय राहते, मुंबई-कोकणात तर त्याहून जपून. खत या दिवसांत बंद.

मणी पिवळट, पारदर्शक होऊन हात लावताच फुटले किंवा मातीजवळची दांडी तपकिरी पडली तर सड सुरू झालीये. वाट बघू नका, हिरव्या टणक माळा चांगल्या भागातून कापून घ्या, दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग नव्या मातीवर गोल वेटोळं करून आडव्या ठेवा आणि केसांच्या पिनांनी दाबा. टोक मातीत खोचण्यापेक्षा ही पद्धत बरी कारण प्रत्येक पेरातून मुळं फुटू शकतात. वर हलका फवारा मारत राहिलं की दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. हौस म्हणून नवीन कुंडी करायची असेल तर पाऊस पूर्ण उघडल्यावर करा.

पेरांमध्ये कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, एक लिटर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि थोडा लिक्विड साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. आणि घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर माळा हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, हे मणी खाण्यात गेले तर उलट्या होऊ शकतात.