जुन्या रायफलीच्या तडकलेल्या दस्त्याची दुरुस्ती

लाकडी दस्त्याला तडा गेला की बहुतेकांचा हात प्रथम गोंदाकडे जातो, आणि दुरुस्ती फसते ती नेमकी तिथेच. कारण वर्षानुवर्षे तेल प्यायलेल्या लाकडावर कोणताही गोंद नीट धरत नाही आणि तडा ज्या कारणाने गेला ते कारण तसेच राहिले, तर गोळीच्या धक्क्याने तो पुन्हा उघडतो.

काम सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही करून घ्यावी, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) व बोल्ट (गोळी नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून ठेवावेत आणि मगच स्क्रू सोडवून लोखंडी भाग लाकडापासून वेगळा करावा. जुने स्क्रू खाचेत नेमक्या बसणाऱ्या पेचकसानेच फिरवावेत. तडा मुठीच्या बारीक भागातून आरपार गेला असेल आणि दस्ता हातात हलत असेल, तर ते काम जाणत्या बंदूक-कारागिराकडे सोपवावे, कारण धक्क्याचा सगळा भार तिथूनच मागे जातो.

तडा नेमका कुठपर्यंत गेला आहे हे नुसते पाहून कळत नाही. ॲसिटोनमध्ये भिजवलेला बोळा लाकडाच्या आतल्या, पॉलिश नसलेल्या बाजूवर फिरवावा. पृष्ठभाग क्षणात सुकतो, पण भेगेत शिरलेला द्रव मागे राहतो आणि केसाएवढी काळी रेघ स्पष्ट उमटते. तिच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक खूण करावी. बहुतेक जुन्या रायफलींत ही रेघ टँगच्या, म्हणजे नळीमागून लाकडात शिरणाऱ्या लोखंडी शेपटीच्या, मागच्या कडेपासून निघते. धक्का झेलण्याचे काम पुढच्या रिकॉइल लगचे, म्हणजे लोखंडी भागाच्या खालून लाकडात टेकणाऱ्या खुंटाचे, असते. तिथले लाकूड दबले किंवा स्क्रू ढिले पडले की ही शेपटी पाचरीसारखी लाकडात घुसते आणि ते उभे चिरते.

आता तेल काढायचे. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा जाड लेप तड्यावर आतून द्यावा. लेप सुकताना तेल वर ओढले जाते आणि पूड पिवळट-तपकिरी होते. ती झटकून पुन्हा लेप द्यावा. पूड पांढरीच राहीपर्यंत हे करावे लागते आणि त्यात काही दिवस सहज जातात, पण इथे घाई करण्यात अर्थ नाही. ॲसिटोन भडकणारे असल्याने काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर करावे. त्याने बाहेरचे पॉलिशही उतरते, हे लक्षात ठेवावे.

चिकटवण्यासाठी सावकाश, 24 तासांत घट्ट होणारे इपॉक्सी घ्यावे. पाच मिनिटांचे इपॉक्सी भेगेत खोल उतरण्याआधीच आवळते, तर झटपट चिकटणारा पातळ गोंद धक्क्याला ठिसूळ ठरतो. इपॉक्सी किंचित कोमट केल्यास पातळ होते. भेग हलक्या हाताने उघडून ते आत सोडावे, लाकूड थोडे उघडझाप करून खोलवर पोहोचवावे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी. ट्यूबचा दाब गोलाईवर सारखा पडतो, जे क्लॅम्पला जमत नाही. इतके आवळू नये की सगळे इपॉक्सी बाहेर पिळले जाईल. बाहेर आलेले लगेच पुसावे.

तडा लांब असेल, तर आतल्या खोबणीतून त्याला आडवे छिद्र पाडून सुमारे 3 मिलिमीटर जाडीची आटे असलेली पितळी काडी इपॉक्सीत बसवावी. आट्यांमुळे पकड मिळते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मात्र छिद्राची खोली ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी लावून आधीच ठरवावी.

जोडण्यापूर्वी टँगच्या मागच्या कडेला काजळी लावून ती जागेवर दाबून पाहावी. लाकडावर जिथे काळे उमटेल तिथले लाकूड पटाशीने कातरून मागे साधारण 1 मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. लगमागचे लाकूड दबलेले असेल, तर तिथे इपॉक्सीचा भर द्यावा, पण लोखंडाला आधी मेण नीट चोळावे; नाहीतर रायफल आणि दस्ता कायमचे एक होतील.

बाहेरून पॉलिश पेपर शक्यतो मारूच नये, कारण जुने शिक्के एकदा गेले की परत येत नाहीत. दुरुस्तीच्या रेघेपुरते उकळलेले जवसाचे तेल बोटाने पातळ चोळणे पुरते. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नयेत, त्या आपोआप पेटतात, पसरून वाळवाव्यात. पहिल्या काही फैरींनंतर दस्ता पुन्हा उतरवून पेन्सिलीची खूण तपासावी. रेघ तिच्या पुढे सरकली असेल, तर टँग अजून कुठेतरी टेकते आहे.