सर्व्हिसिंग झाली, गाडी सुरू होत नाही: पुढच्या किकआधीची तयारी

जुन्या मोटरसायकलची सर्व्हिसिंग केली आणि गाडीच सुरू होईना, तर आधी किक मारणं थांबवा. चिडून मारलेल्या प्रत्येक किकेसोबत सिलिंडरमध्ये पेट्रोल जातं, प्लग ओला होतो, आणि मूळ दोष कुठलाही असला तरी त्यात दुसऱ्याची भर पडते. कागद-पेन घ्या आणि काय काय उघडलं होतं ते आठवून लिहा. प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटर, टॅपेट (वॉल्व्हची गॅप), टाकी, बॅटरी, आणि गाडी धुतली असेल तर तेही. काल चालणारी गाडी आज चालत नाही, म्हणजे दोष जवळजवळ नेहमी याच कागदावर असतो. सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा कॉइल नेमकी सर्व्हिसिंगच्या दिवशीच जळावी, असं क्वचितच होतं. म्हणून पार्ट घ्यायला बर्डीच्या बाजारात जाण्याआधी हा कागद पूर्ण तपासा.

मी इथे बोलतोय ते कार्बोरेटरवाल्या गाड्यांबद्दल. हिरो होंडाची १९८५ ची सीडी १००, १९९४ साली आलेली स्प्लेंडर आणि त्यांच्या पिढीच्या गाड्या नागपुरात आजही रोज धावतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, त्यांचं निदान वेगळं.

हत्यारं आधीच मांडून ठेवा, कारण अर्ध्या कामातून उठलं की बारीक स्क्रू हरवतात. प्लग पाना, आठ, दहा आणि चौदा नंबरचे पाने, चपटा आणि फुलीचा स्क्रूड्रायव्हर, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, सुती फडकं, टॉर्च आणि एक पारदर्शक बाटली. शिवाय एक नवा प्लग, आणि तो अस्सलच. डुप्लिकेट प्लगवर चाचणी केली तर निकालावर विश्वास ठेवता येत नाही. मोबाइल खिशात असू द्या. कुठलीही वायर किंवा पाइप काढण्याआधी फोटो काढा.

वेळ आणि जागा निवडणं हेही तयारीतच येतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टिनाच्या शेडखाली उभ्या गाडीची टाकी हात लावू देत नाही. अशा उन्हात पेट्रोलची वाफ झपाट्याने होते. सकाळी सहा-सातला, सावलीत, मोकळ्या हवेत काम करा. जवळ गॅस, अगरबत्ती, बिडी काही नको. इंजिन रात्रभर थंड झालेलं असेल तर उत्तमच, कारण टॅपेटचं माप थंड इंजिनवरच घ्यायचं असतं.

सुरुवात पेट्रोलपासून करा, कारण ते सगळ्यात सोपं आहे. कॉक चालू आहे ना? टाकी काढून बसवली असेल आणि परत थोडंच पेट्रोल ओतलं असेल, तर ते मेनच्या नळीपर्यंत पोचत नाही. कॉक रिझर्व्हवर करून बघा. मग कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा. धार सलग यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. झाकण उघडताच धार सुधारली तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर पाणी आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास तपासावं. जुन्या कार्बोरेटरचे रबरी ओ-रिंगही त्याने फुगतात. कार्बोरेटर उघडून साफ केला असेल तर त्यातलं पायलट जेट (बारीक छिद्राची छोटी नळी) उजेडासमोर धरून आरपार बघा. त्याचं छिद्र इतकं बारीक असतं की फडक्याचा एक धागाही पुरतो. त्यात तार घालू नका, हवेने फुंका.

मग ठिणगी. प्लग काढा आणि नीट बघा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर इंजिनात पेट्रोल जरुरीपेक्षा जास्त गेलंय. अगदी कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये, पुन्हा मागच्या पायरीवर जा. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर हवी. ठिणगी बघताना पेट्रोलची बाटली लांब ठेवा, कॉक बंद करा आणि उघड्या प्लगच्या भोकावर फडकं टाका. प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या फिनला टेकवा, चावी चालू करून किक मारा. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळसर आणि मंद ठिणगीवर भरवसा नको. गाडी प्रेशरने धुतली असेल तर प्लग कॅप उलटी करून झटका आणि कोरडी करा, पाणी बहुतेक वेळा तिथेच बसतं. कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसते. ओढताना ती वायरीवरून सैल होते आणि बाहेरून कळतही नाही.

बॅटरीबद्दल एक गैरसमज. जुन्या शंभर सीसी गाड्यांत सीडीआयला करंट मॅग्नेटोकडून (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाकडून) मिळतो, त्यामुळे बॅटरी उतरली तरी किकने गाडी सुरू व्हायला हवी. हॉर्न वाजत नाही म्हणून बॅटरी बदलली तर हा प्रश्न सुटणार नाही. मात्र बॅटरी काढून बसवली असेल तर टर्मिनल उलटे लागलेत का आणि फ्यूज उडालाय का ते बघाच. जुन्या पॉइंटवाल्या (सीडीआयऐवजी उघडझाप करणाऱ्या संपर्कावर ठिणगी देणाऱ्या) बुलेटची गोष्ट निराळी. तिथे बॅटरीही लागते आणि पॉइंटची गॅपही ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते.

हवेच्या बाजूला दोन गोष्टी. फोमचा फिल्टर तेलात बुडवून न पिळता बसवला तर इंजिनचा श्वास कोंडतो, आणि कागदी फिल्टरला तर तेल लावायचंच नसतं. दुसरं, कार्बोरेटर आणि इंजिनमधला जोड वाकडा बसला किंवा त्याचा ओ-रिंग निसटला की बाहेरची हवा शिरते. सायलेन्सरचं तोंडही बघा. गाडी काही दिवस उभी असेल तर कुंभारीण माशी तिथे चिखलाचं घर बांधते.

आता टॅपेट. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. प्लग परत बसवा आणि किक पायाने नाही, हाताने हळू दाबा. एका ठिकाणी ती घट्ट अडायला हवी. सुरळीत खाली गेली, तर कॉम्प्रेशन नाही. आणि टॅपेट नुकतेच ॲडजस्ट केले असतील तर ते बहुधा जास्त आवळले गेलेत आणि वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत. आवाज बंद व्हावा म्हणून गॅप मारून टाकणं ही वाईट सवय आहे; टॅपेटची हलकी टिकटिक चालते. डाव्या कव्हरवरची दोन्ही झाकणं उघडा, मधला बोल्ट पान्याने डावीकडे फिरवा आणि वरच्या भोकातून ‘टी’ची (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) खूण रेषेवर आणा. सिलिंडरवरची टॅपेटची झाकणं काढून बघा: दोन्ही रॉकर (वॉल्व्ह दाबणारे हात) बोटाने किंचित हलायला हवेत. हलत नसतील तर घाईने स्क्रू सोडू नका. पिस्टन चुकीच्या फेरीत वर आला असेल, आणखी एक पूर्ण फेरा देऊन पुन्हा बघा. तरीही हलले नाहीत तर मग गॅप मॅन्युअलमधल्या मापाने, फीलर गेज घालूनच घ्या. नट कसताना स्क्रू फिरतो, म्हणून कसल्यावर परत मोजा.

सगळं बसवल्यावर इंजिन ऑइल डिपस्टिकवर बघा. या गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून माप घेतात. ओव्हरफ्लो झालेल्या, म्हणजे प्लग ओला निघालेल्या गाडीत चोक बंद, चावी बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण खोलून पाच-सात किक मारा, मग कोरडा प्लग लावून चावी चालू करा. जानेवारीच्या थंडीत पहिल्या किकला चोक लागेल, उन्हाळ्यात नाही.

इतक्यावर नाही सुरू झाली तर चौकातल्या मिस्त्रीकडे न्या. ‘बंद आहे’ एवढंच न म्हणता कागदावरचं वाचून दाखवा: भाऊ, पेट्रोल येतंय, ठिणगी निळी आहे, किक अडते, कार्बोरेटर उघडला होता. त्याचा अर्धा वेळ वाचेल आणि तुमचे न लागणारे पार्ट बदलले जाणार नाहीत.