रात्री पुळणीवर गरवायचे तर आधी चर शोधा

गरवणे म्हणजे गळाने मासे पकडणे, आणि पुळण म्हणजे वाळूचा किनारा. रॉड, रील, तंगूस (नायलॉनची दोरी), शिसे (दोरीला लावायचे वजन) आणि गऱ्या (गळ) तुमच्याकडे आहेत असे धरून चालतो. नवीन घेणार असाल तर १२ फुटी रॉड, ०.३५ मिलिमीटरचा तंगूस आणि ८० ते १०० ग्रॅमचे शिसे घ्या. एवढ्यावर गोव्यात केरीपासून काणकोणपर्यंत कुठल्याही पुळणीवर भागते. पावसाळ्यात जाऊच नका.

रात्र तिथी बघून ठरवा. पंधरवडा कुठलाही असो, तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा. थोडे मागेपुढे होते, म्हणून मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून बघा. मी द्वादशी ते चतुर्दशीतलीच रात्र धरतो. त्या दिवसांत सुकती (ओहोटी) दुपारी तीन-चारच्या सुमारास लागते, म्हणजे उजेडात पुळणीचा तळ बघून घेता येतो. रात्रीचे निम्मे काम तिथेच होते.

आता मुख्य गोष्ट. नवख्याला जो भेटतो तो सांगतो, 'जितके लांब टाकाल तितका मोठा मासा.' हा सल्ला साफ चुकीचा आहे. लाटा वाळू लोटून किनाऱ्याला समांतर दांडा घालतात आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये चर पडतो. भरती चढू लागली की लाटा या चरातली वाळू ढवळतात, बारके खेकडे आणि किडे उघडे पडतात, आणि त्यांच्या मागे मासा आत येतो. काळोखात तो अगदी तुमच्या पुढ्यात, तीस-चाळीस पावलांवर चरत असतो. तुम्ही जीव खाऊन शिसे दांड्यापलीकडे भिरकावता, तेव्हा त्याच्या डोक्यावरूनच आमिष नेता.

चर ओळखणे मला सगळ्यात जड गेले, म्हणून सविस्तर सांगतो. सुकतीला मांद्रे-आश्वेसारख्या लांब पुळणीवर उभे राहा आणि दहा मिनिटे नुसते पाणी बघा. लाट पहिल्यांदा फुटून पांढरी होते तिथे दांडा. फुटलेली लाट पुढे मंदावते आणि पाणी गडद दिसते तिथे चर. किनाऱ्याशी ती पुन्हा फुटते. पांढऱ्या रेघेत कुठे लाट फुटतच नसेल तर तिथे दांड्याला खिंड आहे, आणि मासा त्याच वाटेने आत येतो. पण पाण्याची ओढही तिथेच बाहेर जाते. त्या जागेच्या शेजारी गरवायला बसा, मात्र गुडघ्यापलीकडे पाण्यात उतरू नका. शांत पाणी बघून तिथे पाय टाकणारा माणूस फसतो.

जागा ठरली की कोरड्या वाळूत काठी रोवा आणि मागे माडाची किंवा दिव्याची खूण धरा. मग उजेड असेपर्यंत आमिष न लावता एक फेक दांड्यापलीकडे टाका आणि शिसे हळूहळू ओढत आणा. दांड्याचा चढ लागला की रॉड जड होतो. शिसे चरात उतरते तेव्हा तंगूस एकदम सैल पडतो, पुढे किनाऱ्याचा चढ लागला की पुन्हा जड. तो सैलपणा बोटाला कळेपर्यंत दोन-तीनदा करा. रात्री डोळ्यांना काही दिसत नाही, हाताची ही ओळखच कामाला येते. भरती चढत जाते तसे तुम्ही मागे सरकता, त्यामुळे दर अर्ध्या तासाने चर नव्याने चाचपावा लागतो. भरतीचे शेवटचे दोन तास आणि सुकतीचा पहिला तास सोडू नका.

आमिष म्हणून बांगड्याची बोटभर पट्टी मीठ लावून दोन तास ठेवा. मांस घट्ट होते, फेकताना गळत नाही. सुंगट (कोळंबी) लावायचे तर सालासकट, वरून बारीक दोऱ्याचे चार वेढे देऊन.

दोघे मिळून गरवत असाल तर मध्ये वीस पावले अंतर ठेवा. फेकण्याआधी 'टाकतो रे!' असे ओरडायचे आणि समोरून 'टाक' आल्याशिवाय हात उचलायचा नाही. काळोखात तंगूस तुटून सुटलेले शिसे डोके फोडते. याच कारणासाठी पुढच्या टोकाला रॉडच्या दुप्पट लांबीचा जाड तंगूस जोडा. त्यात काटकसर नको. मासा लागला की दुसऱ्याने आपला तंगूस गुंडाळून बॅटरी धरावी.

बॅटरीला लाल कागद लावा. नोव्हेंबर ते एप्रिल ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला वर येतात आणि पांढऱ्या उजेडाने बिचकून परत फिरतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा ठिकाणी वन खात्याने राखलेल्या पट्ट्यांत गरवूच नका. दुसरीकडे कासव दिसले तर दिवे बंद करून, तंगूस गुंडाळून लांब बसा.

सगळ्यात जास्त लागतो तो शेंगाळा (कॅटफिश). त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक विषारी काटा असतो. उघड्या हाताने धरू नका. जाड फडक्याखाली दाबून पकडीने गरी काढा. वागळी (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) लागली तर पाण्याच्या कडेलाच तंगूस कापा, शेपटीजवळ हात नेऊ नका. दोघांपैकी कुणाला काटा लागलाच तर बर्फ लावू नका. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, पाणी गरम आहे का ते दुसऱ्या हाताने तपासत राहा, आणि नंतर डॉक्टरकडे जा. चहाबरोबर साध्या गरम पाण्याचा एक मोठा थर्मास मी त्यासाठीच नेतो.