गेमिंग पीसीचा पॉवर सप्लाय घेताना या चुका टाळा, खास करून आपल्या मराठवाड्यात

परभणीच्या मावसभावाचा फोन आला, "दादा, ग्राफिक्स कार्डच खराब निघालं वाटतं, जीटीए चालू केलं की दहा मिनिटात पीसी बंद पडायलाय." पिक्चर बघा, ब्राऊझिंग करा, काही होत नाही, गेम लावला की फटकन स्क्रीन काळी. दुकानदारानं पण कार्डावरच ढकललं, कार्ड वॉरंटीत पाठवलं, तीन आठवडे गेले आणि कार्ड एकदम ओके म्हणून परत आलं. नंतर मी गेलो आणि साईडचं पॅनल काढलं तर कार्डाला करंट द्यायला मोलेक्सवरनं (सप्लायचा जुन्या पद्धतीचा चार पिनांचा प्लग) ८ पिनचं कन्व्हर्टर जोडलेलं, आणि त्या मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक कडेनं चहाच्या रंगाचं झालेलं, नाक जवळ नेलं तर जळका वास. अजून महिनाभर तसंच चाललं असतं तर तिथं काय झालं असतं याचा विचार करूनच अंगावर काटा येतो.

कॅबिनेटसोबत फुकट आलेला सप्लाय होता तो. वर मोठ्या अक्षरात ४५०. पण सप्लायच्या अंगावर एक स्टिकर असतं, त्यात छोटा तक्ता असतो, ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि खाली ॲम्पियर, तो कुणी वाचतच नाही. याच्यात १२ व्होल्टच्या खाली लिहिलेलं १६ ॲम्प. १२ गुणिले १६ म्हणजे झाले १९२ वॅट, आणि प्रोसेसर अन् कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. आता त्याचा प्रोसेसर आय५-१२४००एफ जोरात पळला तर ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०६० कार्ड एकटं १७० वॅटचं, म्हणजे दोघांचेच २८७ झाले, मदरबोर्ड, रॅम, फॅन वेगळेच, मग १९२ वॅटचा सप्लाय तग कसा धरणार? डब्यावरचा आकडा बघून सप्लाय घेणं ही सगळ्यात मोठी चूक. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टला ४५ ॲम्पच्या आसपास लिहिलेलं असतं, दुकानात उभं राहून तिथंच गुणाकार करा.

हिशोब अवघड नाही. प्रोसेसर आणि कार्डाचे जास्तीत जास्त वॅट घ्या, बाकी सामानाचे पन्नास-साठ धरा आणि त्याच्या दीडपट सप्लाय घ्या. वरच्या पीसीला साधारण ३५० वॅट लागतात, म्हणून ५५० बरोबर, आणि कार्डाची कंपनी एनव्हिडिया पण ३०६० साठी ५५० च सांगते. मोठी कार्डं क्षणभर नेहमीच्या कितीतरी वर उसळी मारतात, त्यामुळं भारी कार्ड घ्यायचा विचार असेल तर २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या स्टँडर्डचा सप्लाय बघा, त्यात या उसळ्या धरूनच डिझाईन केलेलं असतं. पण ३०६० ला १००० वॅटचा घेणं पण फुकटचा खर्च, त्या पैशात एसएसडी मोठी येते.

ब्रॉन्झ, गोल्ड बघून पण पोरं फसतात. ८० प्लसचा बिल्ला फक्त एवढंच सांगतो की भिंतीतली किती वीज कामाला येते आणि किती गरमीत वाया जाते. आतले कॅपॅसिटर कसे आहेत, ओव्हरलोड झाल्यावर सप्लाय स्वतःहून बंद होतो का, हे त्यातनं कळत नाही. मी तरी आधी वॉरंटीची वर्षं बघतो, पाच वर्षांच्या वरची असली तरच पुढं विचारतो.

आता आपल्याकडचा खरा विषय, लाईट. रब्बीत मोटारी चालू झाल्या आणि गावाची अन् शेताची डीपी एकच असली की व्होल्टेज १७०-१८० वर येतं, ट्यूब लुकलुकायला लागते. सप्लायवर इनपुट १००-२४० लिहिलेलं असेल तर तो हे झेलतो, २००-२४० वाला मधीच दम तोडतो आणि आपण विंडोजला शिव्या घालत बसतो. त्यात मे महिन्यात नांदेड-परभणीकडं ४२-४३ डिग्री, वर पत्रे, आणि हलक्या सप्लायचे वॅट थंड खोलीतले २५ डिग्रीचे मोजलेले, म्हणून ४० किंवा ५० डिग्रीला फुल लोड देणारा आहे का ते वेबसाईटवर बघून घ्याच. घरात कापूस साठवलेला असला तर दर पंधरा दिवसाला फॅनची जाळी साफ करा, रुईचा थर अक्षरशः गोधडीसारखा बसतो.

अर्थिंगकडं तर कुणी बघतच नाही. कॅबिनेटला हात लावला की बारीक मुंग्या येतात, टेस्टर लावला की लागतो, आणि लोक म्हणतात सप्लायमधून करंट उतरायलाय, बदलून द्या. बहुतेक वेळा सप्लाय चांगलाच असतो हो! त्याच्या आत फिल्टरचे कॅपॅसिटर असतात, अर्थिंग नसली की त्यांच्यामुळं कॅबिनेटवर जवळपास अर्धं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, येऊन बसतं. वायरमनला बोलवून मीटरनं फेज आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज बघायला सांगा, फेज-न्यूट्रल इतकंच आलं पाहिजे. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा बादलीभर पाणी टाकत जा. आणि तीन पिनची तिसरी पिन तोडून टू पिनमधी घुसवू नका, कळकळीनं सांगतो.

इन्व्हर्टरवर गेम खेळणारे, मागं यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू ठेवा, नाहीतर लाईट जाता-येता पीसी रिस्टार्ट होणारच. नवीन घेणार असाल तर प्युअर साईन वेव्हच घ्या, आणि ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० च.

एक चूक अशी आहे की तिनं डेटाच जातो. मॉड्युलर म्हणजे केबल सुट्या निघणारा सप्लाय बदलताना जुन्याच केबल ठेवतात, प्लग बसतो म्हणून. पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची पण वेगळी असते, ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्डडिस्क संपली, घरच्या लग्नाचे फोटो त्यातच असले तर काय करणार. नवीन सप्लाय, नवीनच केबल.

आणि पीसी बंद पडत असेल तर आधी खात्री करा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधी (बिघाडांची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली म्हणजे फक्त पीसी अचानक बंद पडला एवढंच कळतं, कारण नाही. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमधी कार्डाचा पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम तासभर खेळा. बंद पडायचं थांबलं तर संशय सप्लायवर. मग गेम चालू असताना मोलेक्सच्या पिवळ्या-काळ्या वायरवर मीटर लावा, ११.४ ते १२.६ च्या मधी पाहिजे. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर जाऊ नका. सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावर पण आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमधी ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात.

मावसभावाच्या पीसीत ५५० चा बसवला, कार्डाला सप्लायचीच ८ पिनची केबल थेट लावली. जीटीए तेच, कार्ड पण तेच, आता तीन-तीन तास चालू राहतो.