ल्युत्सेनची लढाई नकाशावर कशी मांडावी

नेपोलियनचे फ्रेंच एकीकडे आणि रशियन-प्रशियन दुसरीकडे, अशी जर्मनीतली २ मे १८१३ ची ही लढाई कागदावर उतरवायची असेल, तर सैन्याचे ठोकळे आधी काढू नका. आधी गावं. उत्तर वर धरून ल्युत्सेन, ईशान्येला लाइपझिग आणि ल्युत्सेनच्या दक्षिणेला चार गावांचा चौकोन: काया, राना, क्लाइनगोर्शेन आणि सगळ्यात खाली ग्रोसगोर्शेन. पश्चिमेला स्टारझीडेल. वरून ठेवायला ट्रेसिंग पेपरचे चार तुकडे.

पहिला तुकडा सकाळचा. फ्रेंचांचे बाण लाइपझिगकडे, मार्शल ने (Ney) या फ्रेंच सेनापतीची तिसरी कोअर, म्हणजे मोठी सैन्यतुकडी, चार गावांच्या आसपास. झालं.

दुसऱ्या तुकड्यावर बहुतेकांचं चुकतं. मीही कितीतरी वेळा दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या काढल्या आणि पुढचं काहीच जुळेना. फ्रेंच समोर तोंड करून उभे नव्हतेच, ते वाटचालीत होते. विट्गेनश्टाइनची रशियन-प्रशियन फौज दुपारच्या सुमारास दक्षिणेकडून त्यांच्या उजव्या कुशीवर आली. नेपोलियन तेव्हा लाइपझिगच्या बाजूला होता. मागे उजवीकडे तोफा धडाडल्या तेव्हा त्याने फौजा वळवल्या. हे वळण काढलं नाही तर नकाशा फुकट. म्हणून प्रत्येक बाणाचं शेपूट सकाळच्या जागेवर ठेवा आणि टोक दक्षिणेकडे वाकवा. नेपोलियनचे सेनापती: मॅकडोनाल्ड ईशान्येकडून खाली येतो, बेर्त्राँ पश्चिमेकडून. दोन बाहू मिटताना दिसले की समजा, जमलं.

तिसरा तुकडा दुपारचा. गावं पुन्हा पुन्हा हातची गेली, परत घेतली. प्रत्येक हल्ल्याला बाण काढलात तर कागदाचा गिचमिडा होतो. चौकोन दोन्ही रंगांच्या तिरप्या रेघांनी भरा आणि समासात लिहा की ताजं सैन्य अजून कोणाकडे उरलंय. रशियन सेनापती मिलोरादोविचची तुकडी दक्षिणेला त्साइट्सला होती, ती लढाईत आलीच नाही. ही नोंद मी कधीच गाळू देत नाही. तिच्यावाचून संध्याकाळ समजत नाही.

चौथा, संध्याकाळी सहाचा. नेपोलियनच्या तोफखान्याचा सेनापती द्रुओ याच्या सुमारे ८० तोफा कायाच्या नैऋत्येला एका जाड रेघेत, आणि तिच्यामागून यंग गार्डचा (नेपोलियनच्या राखीव गार्डमधल्या तरुण पलटणींचा) बाण थेट गावांवर.

पाठलागाचा बाण मात्र काढू नका. फ्रेंचांचं घोडदळ १८१२ मध्ये रशियात जवळजवळ संपलं होतं. रशियन-प्रशियन माघारीचा बाण एल्ब नदीकडे न्या, आणि त्याच्यामागची जागा कोरी ठेवा.