‘फिजिकल डॅमेज’ सांगून लॅपटॉपची वॉरंटी नाकारली, तर काय करावे

वॉरंटीतला लॅपटॉप दुरुस्तीला दिला आणि चार दिवसांनी ‘फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही’ असा फोन आला, की बहुतेक ग्राहक एक तर काउंटरवर भांडतात किंवा मुकाट्याने पैसे भरतात. पडल्यामुळे, दाबामुळे किंवा पाण्यामुळे झालेले नुकसान साध्या वॉरंटीत सहसा येत नाही आणि अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते, हे कंपनीचे म्हणणे बरोबर असते. वाद असतो तो मोडतोड कशामुळे झाली आणि ती कोणाच्या ताब्यात असताना झाली, याचा. माझ्या मते त्याचा अर्धा निकाल लॅपटॉप काउंटरवर ठेवतानाच लागतो.

म्हणून लॅपटॉप देण्यापूर्वी झाकण, तळ, चारही कोपरे, दोन्ही बिजागऱ्या, चार्जिंगचे पोर्ट आणि चालू स्थितीतील स्क्रीन यांचे फोटो सिरीयल नंबर दिसेल अशा रीतीने काढावेत. जॉब शीटवर, म्हणजे लॅपटॉप दुरुस्तीला घेतल्याच्या नोंदपत्रावर, सही करण्याआधी ती पूर्ण वाचावी आणि ‘बाहेरून तडा किंवा चेप नाही’ अशी नोंद करून घ्यावी; कर्मचारी नोंद करत नसेल, तर तेच वाक्य फोटोंसह सर्व्हिस सेंटरच्या ई-मेलवर त्याच दिवशी पाठवावे. दुरुस्ती कोल्हापुरातच होणार की लॅपटॉप पुण्याला किंवा आणखी कुठे जाणार, हेही विचारून घ्यावे, कारण वाहतुकीत बसलेल्या दणक्याचे खापर ग्राहकावर फुटू नये यासाठी हीच नोंद कामी येते.

नकार तोंडी स्वीकारू नये. नेमका कोणता भाग खराब आहे, नुकसान कशामुळे झाले असे तंत्रज्ञाचे मत आहे आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नकार दिला आहे, हे लेखी व फोटोंसह मागावे. दुरुस्तीच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर सही मागितली जाते, त्यात ‘नुकसान ग्राहकाकडून झाले’ असा मजकूर अनेकदा आधीच छापलेला असतो. तो मान्य नसेल, तर सही करू नये. झाकणावरच्या जुन्या ओरखड्याकडे बोट दाखवून कीबोर्डची किंवा मदरबोर्डची दुरुस्ती नाकारली जात असेल, तर त्या ओरखड्याचा आणि बिघाडाचा संबंध काय, एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा.

सर्वाधिक अन्याय बिजागरीच्या बाबतीत होतो, असे मला वाटते. पुष्कळ मॉडेलांमध्ये बिजागरीचे स्क्रू आतल्या प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळेच्या लहान नटांत बसतात. बिजागरी जास्त घट्ट असेल, तर झाकण उघडताना दर वेळी त्या नटांवर ताण येतो आणि शेवटी ते प्लास्टिकसकट उपटून निघतात. अशा वेळी कडा आतून फाकलेली दिसते. पडलेल्या लॅपटॉपचा कोपरा मात्र बहुधा चेपलेला किंवा घासलेला असतो. आपटल्याची खूण कुठेही नसताना केवळ तडा दिसला म्हणून ‘पाडला’ असे म्हणता येत नाही, आणि हा मुद्दा जवळून काढलेल्या फोटोसह मांडावा. पाण्याच्या बाबतीत आतली पांढरी पट्टी लाल झाल्याचे दाखवले जाते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवा कितीही दमट असली, तरी ही पट्टी प्रत्यक्ष पाणी लागल्यावर रंग बदलण्यासाठी असते. म्हणून पट्टीबरोबरच बोर्डावर गंज किंवा डाग कुठे आहे, त्याचाही फोटो मागावा.

कंपनीच्या तक्रार विभागाकडूनही दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे कंपनीशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न केला जातो. त्यानंतरचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे लॅपटॉप ऑनलाइन मागवलेला असला आणि कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असले, तरी कोल्हापूरच्या ग्राहकाला कोल्हापूरच्याच आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारीत निर्माता, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यामुळे वाद चालू असताना राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या एखाद्या दुकानात लॅपटॉप उघडून घेण्याची घाई करू नये. अभ्यासासाठी किंवा धंद्यासाठी दुरुस्ती टाळता येण्यासारखी नसेल, तर आधी कंपनीला ई-मेलने तसे कळवावे, उघडतानाचे फोटो काढावेत, पक्के बिल घ्यावे आणि तुटलेली बिजागरी, नट, प्लास्टिकचा तुकडा असे काढलेले सगळे सुटे भाग दुकानदाराकडून परत मागून घेऊन पाकिटात जपून ठेवावेत.