सूर्यफुलाचे बी ते बी फोटो काढायचेत? आधी वर जागा सोडा

मागच्या वेळी बी पेरल्या दिवसापासून रोज एक फोटो काढत होतो, न चुकता, आणि पाचव्या आठवड्यात झाडाचा शेंडा फ्रेमच्या बाहेर गेला. ट्रायपॉड मागे सरकवला, झालं, व्हिडिओ जोडला तर झाड मधेच धपकन बुटकं होतंय. महिन्याभराची मेहनत पाण्यात. म्हणून यावेळी सगळ्यात आधी हे: वर जागा सोडा.

किती, तर अंदाजाने नाही. बियांच्या पाकिटावर उंची दिलेली असते, सहा फूट लिहिलं असेल तर साडेसात फुटी काठी बी पेरायच्या जागी उभी करायची, कॅमेरा उभा करून अख्खी काठी फ्रेममधे बसवायची, मगच काठी काढायची. सुरुवातीला नुसती माती आणि खाली हिरवा ठिपका दिसेल, झूम करायला हात शिवशिवतील, करू नका. मी तिथेच घसरलो. जवळचे फोटो वेगळे काढा ना, मोबाइलवर, वेगळ्या फोल्डरमधे, कोण अडवतंय.

कॅमेरा झाडाच्या पूर्वेला लावा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी फोटो काढा. उमललेलं सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरतं हा गैरसमज आहे, फिरतं ते कोवळं झाड, मोठं फूल पूर्वेकडेच तोंड करून थांबतं. पश्चिमेला उभे राहिलात तर फुलाची पाठ मिळेल. ट्रायपॉडच्या पायांखाली तीन विटा पुरून टाका, मधल्या दांड्याला मार्करने खूण करा, झूमचा आकडा लिहून ठेवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग, ऑटोवर नको, पाकळ्या आज लिंबासारख्या आणि उद्या हळदीसारख्या दिसतात. बॅटरी, कार्ड वगैरे सांगायला नको.

एका जागी तीन बिया पेरा, नंतर एकच रोप ठेवा, बाकीची कात्रीने कापा, उपटलीत तर शेजारच्याची मुळं हलतात. आठ-दहा दिवसांत कोंब टरफल डोक्यावर घेऊन वर येतो, हा फोटो एकदाच मिळतो, त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ चक्कर मारा. टरफल हाताने काढायला जाऊ नका, ते आपसूक पडतं. आणि हो, जवळून काढायचं तर भल्या सकाळी, वारा सुटला की फोकस गेलाच.

(कोंबाच्या नादात लांबचा फोटो विसरायचा नाही. आणि वरची रिकामी जागा कापायची नाही, अजून पाच-सहा फूट यायचंय.)

कळी धरली की एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. बाजूने दर तासाला फोटो काढा, मान पूर्वेकडून पश्चिमेकडे वळताना दिसते, रात्रीत परत पूर्वेला येते. दिवसा देठाची पूर्वेची बाजू जास्त वाढते, रात्री पश्चिमेची, म्हणून हा झोका. फूल उमललं की हे बंद, तेव्हा उद्या काढू म्हणू नका.

फूल उमलल्यावर मधल्या तबकडीचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो, रोज काढा. ती हजारभर बारीक फुलं असतात, कडेकडून आत उमलत जातात, पाच ते दहा दिवस चालतं. बिया भरल्या की त्यांच्या वळणदार रांगा मोजून बघा, बऱ्याचदा एका बाजूने 34, दुसऱ्या बाजूने 55.

पुढचं पटापट. फूल मान टाकतं, टाकू दे, फ्रेम हलवू नका. पक्षी येतात, जाळी लावा, फोटोपुरती काढा. फुलाची पाठ पिवळी, मग तपकिरी, की कापा. शेवटचा फोटो तळहातावरच्या बियांचा. बॅकअप घ्या.

काठी आणलीत का?